ठरावाचं शेवटचं वाक्य वाचा

‘आमच्या रस्त्याचा ठराव झालाय’ असं कुणी सांगितलं, की दोन प्रश्न विचारावेत. ठराव कुठल्या सभेत झाला? आणि त्याचं शेवटचं वाक्य काय आहे? तो रस्ता होणार की फायलीतच राहणार, हे या दोन उत्तरांवरून बऱ्याच अंशी कळतं. आज मी या दोन प्रश्नांबद्दलच बोलणार आहे.

आधी कायदा थोडक्यात. मुंबई महापालिकेचा कायदा वेगळा, 1888 चा. नगरपालिका आणि नगरपंचायतींचा 1965 चा. बाकी सगळ्या महापालिका 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात. आज आपण त्याच धरून चालू. या कायद्यात सर्वसाधारण सभा, स्थायी समिती आणि आयुक्त यांचे अधिकार वेगवेगळे आहेत. धोरण, करांचे दर, अंदाजपत्रक, उपविधी (महापालिकेने नागरिकांसाठी केलेले नियम) हे सभेकडे. निविदा आणि खर्चाच्या मंजुऱ्या मुख्यतः स्थायी समितीकडे. तिथे 16 सदस्य असतात, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात आणि समिती आठवड्याला बसते. अंमलबजावणी आयुक्तांची. त्यामुळे जो विषय सभेचा आहे, तो फक्त स्थायी समितीत मंजूर झाला असेल, तर तुमच्या हातात अजून शिफारसच आहे. पुण्यात शहर सुधारणा, विधी, महिला व बालकल्याण, क्रीडा अशा समित्या आहेत; तिथला ठरावसुद्धा बहुतेक वेळा वरच्या सभेला केलेली शिफारस असते. वर्तमानपत्रात मात्र तिन्ही ठिकाणचं ‘मंजूर’ सारखंच छापून येतं.

विषय सभेपुढे दोन वाटांनी येतो. एक प्रशासनाचा प्रस्ताव, दुसरा सभासदाचा. सभासदाचा प्रस्ताव सूचक आणि अनुमोदकाच्या सहीने दाखल होतो आणि पुष्कळदा ‘प्रशासनाच्या अभिप्रायासाठी’ खात्याकडे जातो. सगळ्यात जास्त विषय इथेच अडकतात. अभिप्राय येत नाही, विषय कार्यपत्रिकेवर दर महिन्याला छापला जातो, दर महिन्याला पुढे ढकलला जातो आणि शेवटी ‘दप्तरी दाखल’ होतो. तुमचा विषय असा अडकला असेल, तर सभागृहाबाहेर घोषणा देण्याआधी संबंधित खात्यात जाऊन अभिप्राय कुणाच्या टेबलावर आहे ते विचारा.

प्रशासनाच्या प्रस्तावाला डॉकेट म्हणतात. हा कागद वाचायला शिकलं पाहिजे, कारण सभेत चर्चा दहा मिनिटांची होते आणि निर्णय खरं तर या कागदावर आधीच लिहिलेला असतो. वर विषय, मग पार्श्वभूमी, आधीच्या ठरावांचे क्रमांक आणि तारखा, कामाचा अंदाजित खर्च, अर्थशीर्षक (म्हणजे अंदाजपत्रकातलं कुठलं खातं), त्या शीर्षकाखाली या वर्षी केलेली तरतूद आणि शिल्लक. खाली विधी खात्याचा आणि मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांचा अभिप्राय, सगळ्यात खाली आयुक्तांची सही. नजर आधी शिल्लक तरतुदीवर टाका. काम दोन कोटींचं आणि शिल्लक वीस लाख असेल, तर बाकीचे पैसे वर्गीकरणाने दुसऱ्या शीर्षकातून आणावे लागणार. तो वर्गीकरणाचा ठराव वेगळा. तो झाल्याशिवाय पहिल्या ठरावाला हातपाय नाहीत.

आता शेवटचं वाक्य. ‘मान्यता देण्यात येत आहे’ म्हणजे निर्णय झाला. ‘शिफारस करण्यात येत आहे’ म्हणजे निर्णय दुसरीकडे व्हायचा आहे. ‘प्रशासनाने तपासून उचित कार्यवाही करावी’ म्हणजे सभेने विषय अंगावरून काढून टाकला. आणि ‘आर्थिक तरतुदीच्या अधीन राहून मान्यता’ दिली असेल, तर पैसे नाहीत एवढं एक कारण पुढे करून ते काम कितीही वर्षं थांबवता येतं. हे चार शब्द डॉकेटमध्ये दिसले, तर सभेच्या आधी आपल्या नगरसेवकाला गाठून ते काढायला लावा. ठराव झाल्यावर ते निघत नाहीत.

सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघावी लागते. नोटिशीचा आणि सभेचा दिवस यात धरत नाहीत. सोमवारी नोटीस निघाली, तर पुढच्या मंगळवारच्या आधी सभा होत नाही. तातडी असेल तर कमी मुदतीची सोय कायद्यात आहे, पण अंदाजपत्रकासाठी ती नाही. गणपूर्ती, म्हणजे कोरम, सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एक तृतीयांशाची. सभागृहात 120 सदस्य असतील, तर 40 हवेत, अध्यक्षस्थानी बसलेल्यासह. सभा सुरू होताना कोरम असतो आणि दुपारनंतर बाकं रिकामी होतात. कुणी लक्षात आणून दिलं की महापौरांना सभा तहकूब करावी लागते. कुणीच बोललं नाही, तर उरलेले विषय भराभर मंजूर होतात. अंदाजपत्रकाच्या सभेला गर्दी असते; नियम आणि उपविधी मात्र अशा ओसरलेल्या सभागृहात संमत होतात, ही मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट आहे.

त्याहून घातक प्रकार उपसूचनेचा. मूळ प्रस्तावात दुरुस्ती सुचवायचा हा रास्त अधिकार आहे. ती लेखी असावी, सूचक-अनुमोदक असावेत आणि मूळ विषयाशी सुसंगत असावी. प्रत्यक्षात काय होतं? विषय असतो एका उद्यानाच्या देखभालीचा. उपसूचनेचा कागद नगरसचिवांच्या टेबलावर जातो, वाचला जात नाही, ‘उपसूचनेसह मंजूर’ एवढं ऐकू येतं. इतिवृत्तात बघावं तर त्या कागदात दुसऱ्याच प्रभागातली जागा भाड्याने देण्याचा मजकूर. याला सभागृहाच्या भाषेत विसंगत उपसूचना म्हणतात. ती रोखायची वेळ एकच : मंजुरीच्या आधी एखाद्या सदस्याने उठून ‘उपसूचना वाचून दाखवा’ म्हणायचं. आयत्या वेळच्या विषयांनाही हेच लागू. ते कार्यपत्रिकेवर नसतात, म्हणून नागरिकाला आधी कळायचा मार्गच नसतो.

मतदान बहुतेक वेळा आवाजीच. ‘मंजूर?’ ‘मंजूर.’ संपलं. नावं नोंदवायची असतील तर पोल मागावा लागतो. मग कोण बाजूने, कोण विरोधात, कोण तटस्थ हे इतिवृत्तात येतं. मतं समसमान पडली तर अध्यक्षस्थानी असलेल्याचं निर्णायक मत. एखाद्या विषयावर तुमच्या नगरसेवकाची भूमिका तुम्हाला कागदावर हवी असेल, तर त्याला पोल मागायचीच विनंती करा.

करांच्या दराला तारखेची दोरी आहे. पुढच्या वर्षाचे दर सभेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. म्हणून मिळकतकराविरुद्धचं निवेदन मार्चमध्ये देऊन उपयोग नसतो. जानेवारीत स्थायी समितीकडे द्या.

उपविधी हा ठरावापेक्षा वेगळा प्राणी आहे. ठराव महापालिकेला बांधतो, उपविधी तुम्हाआम्हाला बांधतो, दंडासकट. म्हणून त्याची वाट लांब ठेवलीय. कचऱ्याचं उदाहरण घ्या. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना वर्षभरात उपविधी करायला सांगितलं होतं. असा मसुदा आयुक्त सभेपुढे ठेवतात. राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत नोटीस निघते, मसुदा कार्यालयात बघायला ठेवतात, हरकती-सूचना मागवतात. सभा त्यांचा विचार करून उपविधी संमत करते. मग तो राज्य शासनाकडे मंजुरीला जातो आणि ती मिळाल्याशिवाय लागू होत नाही. हरकत लिहिताना ‘दंड अन्यायकारक आहे’ एवढ्यावर थांबू नका. कलमाचा क्रमांक, आत्ताचा मजकूर, तुम्हाला हवा तो मजकूर आणि कारण, असं लिहा. ‘सोसायटीने ओला कचरा जिरवावा’ हे कलम वाचताना विचारा : दंड कुणाला, संस्थेला की एकेका सदनिकेला? मोजणार कोण? तक्रार कुणाकडे? मसुद्यातल्या अशा रिकाम्या जागा पुढे दंडाच्या पावतीवर भरल्या जातात.

सभेने केलेला ठराव शेवटचा असतोच असं नाही. कायद्याच्या बाहेरचा किंवा लोकहिताला बाधक ठराव कलम 451 खाली शासन निलंबित करू शकतं आणि पुढे विखंडित, म्हणजे रद्दही करतं. आयुक्तच असा ठराव नगरविकास विभागाकडे पाठवतात. नगरपालिकेत ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. विकास आराखड्यातल्या जागेचं आरक्षण बदलण्याचा ठराव तर मुळातच अर्धा असतो. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 प्रमाणे त्यावर नोटीस, महिनाभर हरकती, सुनावणी आणि मग शासनाची मंजुरी लागते.

2022 मध्ये बहुतेक मोठ्या महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकांपर्यंत तिथे प्रशासक होते. त्या काळात प्रस्ताव मांडणारा, स्थायी समिती म्हणून तपासणारा आणि सभा म्हणून मंजूर करणारा अधिकारी एकच. उपसूचना नाही, पोल नाही, प्रेक्षागृहात बसून ऐकायला चर्चा नाही. त्या काळातले ठराव आजही लागू आहेत. आपल्या प्रभागाशी संबंधित असे ठराव कोणते, त्यातले कुठले करार अजून चालू आहेत, याची यादी माहिती अधिकारात मागता येते. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात ‘सर्व ठराव’ असं मोघम लिहू नका. खातं, कालावधी आणि विषय लिहा, आणि ठरावाबरोबर डॉकेटची व उपसूचनेची प्रमाणित प्रतही मागा. नुसता ठराव दिला, तर त्यात ‘प्रस्तावात नमूद केल्याप्रमाणे’ एवढंच सापडतं.