कंट्रोल बाहेर गेला? तीच वायल परत लावू नका!

नमस्कार मंडळी, बडोद्याहून. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या छोट्या लॅबमध्ये सकाळी पहिलं मशीन सुरू करणाऱ्यांसाठी आणि डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) मुलांसाठी आज एलजे, म्हणजे लेव्ही-जेनिंग्ज चार्ट: मशीन रोज बरोबर मोजतंय का, ते दाखवणारा आलेख.

नेहमीचं दृश्य सांगतो. कंट्रोल म्हणजे किती यायला हवं ते आधीच ठाऊक असलेलं सॅम्पल, वायलीत (छोट्या बाटलीत) मिळणारं. ग्लुकोजचा कंट्रोल ठरलेल्या रेघेबाहेर आला. परत लावला, परत बाहेर. तिसऱ्यांदा आत आला की ‘चाली जशे’ (चालून जाईल) म्हणायचं आणि पेशंटची सॅम्पल्स लावायची. अहो, लावतच राहिलं तर एखादा आत येणारच की! बाहेर का गेला होता, ते कुठे कळलं?

ही पद्धत मुळात कारखान्यातली. 1924 मध्ये शूहार्टने टेलिफोनच्या मालासाठी काढली, 1950 मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी ती लॅबमध्ये आणली. मधे सरासरीची रेघ, वरखाली एक, दोन, तीन एसडीच्या रेघा. एसडी म्हणजे रीडिंग सरासरीभोवती किती पसरतात, त्याचं माप. मशीन ठणठणीत असलं तरी साधारण 22 मध्ये एक बिंदू दोन एसडीच्या बाहेर जातोच. तीनच्या बाहेर हजारात तीनेक. म्हणून दोनची रेघ ओलांडली की सावध व्हायचं, तीनची ओलांडली की रिपोर्ट थांबवायचे.

आता एसडी कुठली घ्यायची? इथे मी भांडतो. कंट्रोलच्या खोक्यातल्या कागदावरची रेंज उचलू नका. ती बऱ्याच लॅब मिळून काढलेली, म्हणून ऐसपैस. ती घातली की चार्ट दिसतो देखणा, पण पकडत काहीच नाही. आपल्याच मशीनवर, वेगवेगळ्या दिवशी, निदान 20 रीडिंग घ्या आणि त्यांची काढा.

(स्क्रीनवर चार्ट)

हे बघा. सरासरी 100, एसडी 2. सोमवारी 103, मंगळवारी 102.5, बुधवारी 103.5, गुरुवारी 103. दोन एसडीची रेघ 104 वर, तिच्या आतच सगळे. वरवर बघणारा सही करून मोकळा होईल. पण चारही बिंदू 102 च्या वर, म्हणजे एक एसडीपलीकडे, आणि एकाच बाजूला. वेस्टगार्डच्या कंट्रोल तपासायच्या 1981 मधल्या नियमांत हा बसतो: लागोपाठ चार असे आले की काहीतरी सरकलंय.

हळूहळू चढत गेले असते तर मशीनचा दिवा किंवा रिएजंटवर (तपासणीच्या रसायनावर) संशय घेतला असता. इथे सोमवारी एकदम उडी आहे. मग सोमवारी काय बदललं? रिएजंटचा नवा लॉट? कॅलिब्रेशन (मशीनचं माप जुळवणं)? की नवी वायल?

वायलीचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. कंट्रोलच्या कोरड्या पावडरीत 5 मिली डिस्टिल्ड वॉटर घालायचं, तिथे 4.9 पडलं तर सगळं दोन टक्के घट्ट. आपल्या चार्टवर म्हणजे अख्खी एक एसडी! आणि तीच वायल चार दिवस चालवली की चारही दिवस चूक तीच. खूण सोपी आहे: ग्लुकोज, युरिया, कोलेस्टेरॉल, सगळे एकाच दिवशी एकाच दिशेला वर गेलेत का? मग इंजिनिअरला फोन करण्याआधी पिपेट तपासा, नवी वायल नीट करा. हलक्या हाताने फिरवायची बरं का, फेस येईपर्यंत घुसळायची नाही.

नव्या वायलीने रीडिंग जागेवर आलं, तर चूक वायलीतच होती, पेशंटचे रिपोर्ट बरोबर होते. नाहीच आलं, तर कॅलिब्रेशन करा आणि सोमवारपासूनची फ्रीजमध्ये राखलेली सॅम्पल्स काढून परत लावा.