टायगर बेचा बिली

श्रोतेहो, नमस्कार.

1953 साली वेल्समधल्या कार्डिफच्या गोदीजवळच्या टायगर बे वस्तीत एका घरी पाहुणे आले. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या विगन गावातल्या रग्बी लीग क्लबची ही माणसं. त्यांनी टेबलावर हजार पौंडांच्या नोटा मांडल्या. घरातल्या पोराला काही जायचं नव्हतं. आईनं विचार केला, असा आकडा सांगावा की हे आपोआप उठून जातील. ती म्हणाली, तीन हजार. पाहुण्यांनी तीन हजार मान्य केले! आता शब्द मोडणार कसा? विशीही न गाठलेल्या बिली बॉस्टननं सही केली, आणि ती गोष्ट काही महिने गुपित ठेवली गेली.

गुपित का? त्यासाठी थोडं मागं जायला हवं. बॉम्बे जिमखान्यावर आपण पाहतो ती रग्बी युनियन, पंधरा जणांची. लीग तेरा जणांची. पण खरं भांडण माणसांच्या संख्येवरून नव्हतंच, ते होतं मजुरीवरून. सामन्यासाठी खाणीतला किंवा गिरणीतला खाडा झाला, तर बुडालेली मजुरी भरून द्या, एवढीच उत्तरेच्या क्लबांची मागणी. ती नाकारली गेली, तेव्हा 1895 साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात त्यांनी वेगळी चूल मांडली. मग युनियननं दार लावून घेतलं: लीगचे पैसे घेतलेल्या खेळाडूनं पुन्हा युनियनच्या मैदानात पाऊल टाकायचं नाही, जन्मभर. हा नियम थेट 1995 पर्यंत टिकला. वेल्ससारख्या रग्बीवेड्या देशात अशी सही म्हणजे जवळजवळ जातीबाहेर होणं.

बिलीचं स्वप्न साधं होतं. कार्डिफकडून खेळायचं, मग वेल्सकडून. वडील सिएरा लिओनचे, जहाजावर खलाशी. आई कार्डिफचीच, आयरिश वंशाची. घरात अकरा भावंडं. सैन्यात सक्तीची नोकरी करताना आर्मी कपच्या अंतिम सामन्यात या मुलानं एकट्यानं सहा ट्राय केले. ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. घरापासून हाकेच्या अंतरावरच्या कार्डिफ क्लबाचं बोलावणं मात्र कधी आलं नाही. त्याच्या रंगामुळे, असं बॉस्टनसह अनेकांचं मत आहे. मलाही दुसरं कारण सापडत नाही. वेल्सच्या युनियन संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरायला 1980 चं दशक उजाडावं लागलं, यावरून काय ते समजा.

विगननं वेळ दवडला नाही. पहिल्या संघाकडून जेमतेम सहा सामने झाले होते, तोच 1954 च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी त्याची ग्रेट ब्रिटनच्या संघात निवड झाली. अशा दौऱ्यावर गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तिथं त्यानं 18 सामन्यांत 36 ट्राय केले. ऑकलंडच्या एका कसोटीतच चार. आणि तेव्हा त्याचा विसावा वाढदिवसही झाला नव्हता!

तो विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळायचा. विंगर सहसा सडपातळ, चपळ, प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देऊन निसटणारे. बिलीला निसटता यायचंच, पण मनात आलं तर तो सरळ अंगावरूनही जायचा. पुढे वजन वाढलं तरी वेग फारसा उतरला नाही. वाटेत उभ्या राहणाऱ्या माणसाची मला तर कीवच येते. विगनसाठी 488 सामने, 478 ट्राय. म्हणजे जवळपास प्रत्येक सामन्याला एक, आणि तेही पंधरा वर्षं! सगळी कारकीर्द धरली तर 571. रग्बी लीगमध्ये त्याच्या पुढे एकच माणूस आहे, ऑस्ट्रेलियन ब्रायन बेव्हन, 796 ट्रायवाला.

आकड्यांत न मावणारी एक गोष्ट 1957 ची. ऑस्ट्रेलियातला विश्वचषक संपल्यावर ब्रिटनचा संघ प्रदर्शनी सामन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेला जाणार होता. तिथं तेव्हा वर्णभेदाचं राज्य. संघ तिकडे गेला. बिली गेला नाही, त्यानं परस्पर घर गाठलं. तीन वर्षांनी, 1960 साली, ब्रिटननं विश्वचषक जिंकला तेव्हा तो संघात होता.

विगनचा झाला तो कायमचा. खेळ सोडल्यावर तिथंच, मैदानाजवळ, त्यानं पब चालवला. गावानं 2016 मध्ये त्याचा पुतळा उभारला. कार्डिफला जाग आली 2023 साली. गोदीच्याच भागात आता तिघांचा पुतळा आहे: बॉस्टन, 1972 साली ग्रेट ब्रिटनचं कर्णधारपद भूषवणारा क्लाइव्ह सलिव्हन आणि गस रिस्मन. तिघंही इथलेच आणि तिघांनीही नाव काढलं ते उत्तरेत.

जून 2025 मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, बॉस्टन यांना बकिंगहॅम राजवाड्यात नाइटहूड मिळालं. 130 वर्षांच्या रग्बी लीगमधले ते पहिले 'सर'. त्यांच्याहून तेरा वर्षांनी धाकटे, वेल्सच्या युनियनचे गॅरेथ एडवर्ड्स, 2015 सालीच 'सर' झाले होते.

नमस्कार.