कुंपणाच्या खांबावरचा पक्षी

नमस्कार श्रोतेहो.

जीवनगौरव पुरस्काराचा समारंभ तुम्ही केव्हा ना केव्हा पाहिला असेल. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात आयुष्यभराची कामं एकापाठोपाठ एक येतात, टाळ्या पडतात. मला मात्र प्रत्येक वेळी वाटतं, दोन कामांच्या मधल्या वर्षांचं काय? काहीच घडत नव्हतं, नुसत्या बैठका होत होत्या, अर्ज परत येत होते, ती वर्षं मानपत्रात मावत नाहीत. आज मी अशा एका सत्काराबद्दल सांगणार आहे, की तो समजून घ्यायचा तर ती मधली वर्षंच पाहावी लागतात.

29 ऑक्टोबर 2017. जर्मनीतलं ब्राउनश्वाइग शहर. राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांच्या हस्ते त्या दिवशी 'जर्मन पर्यावरण पुरस्कार' दिला गेला. एकूण रक्कम 5 लाख युरो. पर्यावरणाच्या क्षेत्रात युरोपात या पुरस्काराला मोठा मान आहे. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत तीन माणसं एकाच कामासाठी एकत्र उभी होती. साठीच्या उंबरठ्यावरचे काय फ्रोबेल, ऐंशी ओलांडलेले हुबर्ट वाइनत्सिर्ल आणि त्यांच्याहूनही वडील इंगे झीलमान. तिघांचं काम होतं जमिनीचा एक पट्टा वाचवण्याचं. रुंदी कुठे 50 मीटर, कुठे 200. लांबी मात्र 1393 किलोमीटर. एकेकाळी पूर्व आणि पश्चिम जर्मनीला विभागणारी सरहद्द म्हणजेच हा पट्टा.

या गोष्टीची सुरुवात एका पक्ष्यापासून होते, म्हणून आधी त्याची ओळख करून देतो. आपल्याकडे माळावर, शेताच्या बांधावर, बाभळीच्या शेंड्यावर किंवा तारेवर बसून सतत शेपटी हलवणारा गप्पीदास तुम्ही पाहिला असेल. याच गप्पीदासाचा एक भाऊबंद युरोपात उन्हाळ्यात येतो आणि हिवाळा आफ्रिकेत काढतो. जर्मन लोक त्याला ब्राउनकेल्शेन म्हणतात. चिमणीहून लहान, छाती नारिंगी, डोळ्यावर पांढरी ठळक भुवई. घरटं जमिनीवर, गवतात. त्याला लागतात दोनच गोष्टी: उशिरापर्यंत न कापलेलं गवत, आणि त्या गवतातून वर आलेली एखादी काडी, झुडूप किंवा खांब, जिथं बसून किडे टिपता येतील आणि गाता येईल.

1970च्या दशकात पश्चिम जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताच्या उत्तर टोकाला, कोबुर्गच्या बाजूला, काय फ्रोबेल नावाचा एक किशोरवयीन मुलगा दुर्बीण घेऊन हिंडत असे. त्याचं गाव सरहद्दीला लागून. पलीकडे पूर्व जर्मनीचं तारेचं कुंपण, पहारे, सुरुंग. आपल्या बाजूच्या शेतांत त्याला हा पक्षी दिसेनासा झाला होता. कारण उघड होतं. खतं वाढली, लहान शेतं जोडून मोठी झाली, जनावरांच्या चाऱ्यासाठी कुरणं वर्षातून अनेकदा आणि फार लवकर कापली जाऊ लागली. अंडी किंवा पिल्लं असलेली घरटी यंत्राखाली जात. पण सरहद्दीकडे पाहिलं की हाच पक्षी खांबाखांबावर बसलेला. पूर्व जर्मनीच्या काळ्या-लाल-सोनेरी पट्ट्यांच्या सीमाखांबांवर बसून तो गात असे.

ते कुंपण अगदी सीमारेषेवर नव्हतं, थोडं आत होतं. रेषा आणि कुंपण यांच्यामधल्या जमिनीवर नांगर चालला नाही, खत पडलं नाही. कुंपणाच्या आतल्या पट्ट्यातली झाडझुडपं गस्तीच्या सैनिकांना दूरवर दिसावं म्हणून काढली जात. त्यामुळे ओसाड रान, मोकळं गवत, ओलसर सखल जागा, ओढ्याकाठची झुडपं असं सगळं एकापुढे एक, शेकडो किलोमीटर, तसंच राहिलं.

इथं थोडं थांबायला हवं. या पट्ट्याचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते. ही जागा माणसांना अडवण्यासाठी, मारण्यासाठी तयार केलेली होती. 1952 आणि 1961 साली सरहद्दीजवळच्या गावांतून हजारो लोकांना एका रात्रीत घर सोडायला लावलं. पलीकडे जाऊ पाहणारी माणसं सुरुंगांवर आणि गोळ्यांनी मेली. तिथल्या पक्ष्यांबद्दल बोलताना हे विसरलं तर त्या माणसांवर पुन्हा अन्याय होईल. फ्रोबेल आणि त्यांचे सहकारी हे विसरले नाहीत. या पट्ट्याला त्यांनी नेहमी दोन्ही म्हटलं आहे, जिवंत निसर्ग आणि स्मारक. मला त्यांच्या कामातली ही बाजू सगळ्यात मोलाची वाटते.

1979च्या सुमारास फ्रोबेल आणि बव्हेरियाच्या निसर्ग संरक्षण संघातल्या त्यांच्या मित्रांनी सरहद्दीच्या सुमारे 140 किलोमीटर भागातले पक्षी पद्धतशीर नोंदले. नोंदवह्यांतून जे हाती आलं त्यानं तेही चकित झाले. त्या भागात दुर्मीळ झालेले पक्षी, त्यांत आपला हा पांढऱ्या भुवईचा गप्पीदासही, बहुतेक सगळे सरहद्दीच्या पट्ट्यातच घरटी करत होते. पूर्वेकडच्या निसर्ग अभ्यासकांना तिथं पाऊलही टाकता येत नव्हतं. कारण पाच किलोमीटरचा प्रदेश बंद होता आणि आत जायला परवाना लागे. पश्चिमेकडून दुर्बिणीतून मोजता येत होतं, तेवढंच.

मग 9 नोव्हेंबर 1989ला बर्लिनची भिंत उघडली. सगळा देश रस्त्यावर नाचत होता. फ्रोबेल यांच्या मनात त्या आनंदाच्या पाठीला पाठ लावून काळजी आली, की आता हा पट्टा कोण ठेवणार? बरोबर एका महिन्यानं, 9 डिसेंबरला, होफ या सरहद्दीजवळच्या शहरात एक बैठक ठरली. दोन्ही जर्मनींतून मिळून सुमारे 400 लोक आले. चाळीस वर्षं एकमेकांना न भेटलेली, सरहद्दीच्या दोन बाजूंना निसर्गासाठी काम करणारी माणसं एका खोलीत बसली. हुबर्ट वाइनत्सिर्ल तेव्हा 'बुंड' या पश्चिम जर्मनीतल्या पर्यावरण संघटनेचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. ठराव झाला, एकमतानं: सरहद्दीचा हा पट्टा मध्य युरोपचा पर्यावरणीय कणा म्हणून जपला जावा. त्याला नाव मिळालं 'ग्र्युनेस बांड'. हिरवा पट्टा.

वाइनत्सिर्ल यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. 1966 साली बव्हेरियात बीव्हर हा प्राणी पुन्हा आणून सोडला गेला, त्यामागे हेच गृहस्थ होते. त्या प्रांतातून तो जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी नष्ट झाला होता. आज बव्हेरियाच्या नद्यांत बीव्हर आहेत. जर्मनीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, बव्हेरियन फॉरेस्ट, 1970 साली सुरू झालं. त्यासाठी झटलेल्यांतही ते होते. होफच्या बैठकीत बसले तेव्हा त्यांच्या पाठीशी वीस-पंचवीस वर्षांची पुण्याई होती.

ठराव झाला, टाळ्या पडल्या. पुढे काय?

पुढची वर्षं फार कंटाळवाणी होती, आणि सत्काराचं खरं कारण तिथंच आहे. सुरुंग काढायलाच 1995 साल उजाडलं. पुनर्एकीकरणानंतर जमिनीची मालकी कोणाची, हा प्रश्न उभा राहिला. जुन्या मालकांना आपली जमीन परत हवी होती, आणि ती मागणी रास्तच होती. त्यांच्याकडून ती सक्तीनं घेतली होती. शेतकऱ्यांनी काही भाग नांगरून टाकले, काही ठिकाणी रस्ते झाले. निसर्गप्रेमींना पट्ट्याची एकेक फट बुजवायची होती. देणग्या गोळा करून, छोटी प्रतीकात्मक भागपत्रं विकून त्यांनी जमीन विकत घ्यायला सुरुवात केली. 2001 साली पट्ट्याची पहिली संपूर्ण पाहणी झाली. 85 टक्के भाग अजून नैसर्गिक किंवा त्याच्या जवळच्या स्थितीत होता. आणि 2005 साली केंद्र सरकारनं आपल्या ताब्यातली जमीन निसर्गासाठी राज्यांना विनामूल्य देण्याचं ठरवलं. होफच्या ठरावानंतर सोळा वर्षांनी! मधल्या काळात किती पत्रं, किती मंत्री, किती ग्रामसभा झाल्या असतील, हे मनात आणून पाहा.

इंगे झीलमान यांचं नाव या यादीत का आहे? त्यांचे पती हाइन्त्स झीलमान हे जर्मनीत घराघरांत पोहोचलेले प्राणी-चित्रपटकार. भिंत पडण्याच्या आदल्या वर्षी, 1988 साली, त्यांनी सरहद्दीच्या सावलीत राहणाऱ्या प्राण्यांवर एक माहितीपट केला. ही सीमा उद्या गेलीच, तर तिच्या जागी एक मोठं राष्ट्रीय उद्यान असावं, असं स्वप्न त्यांनी त्यात बोलून दाखवलं. तेव्हा ते अशक्य वाटणारं बोलणं होतं. 1994 साली दोघांनी मिळून आपल्या नावाची प्रतिष्ठान संस्था काढली आणि सरहद्दीजवळच, डुडरश्टाट गावाबाहेर, तिचं ठाणं केलं. हाइन्त्स 2006 साली गेले. इंगे यांनी ते काम पुढे चालू ठेवलं; जमिनी घेतल्या, पैसा उभा केला, मुलांना शेतावर आणलं. नवऱ्याच्या प्रसिद्धीच्या सावलीत हे काम सहज हरवलं असतं. ब्राउनश्वाइगच्या मंचावर ते स्वतःच्या नावानं उभं राहिलं, याचा मला मनापासून आनंद आहे. 2019 साली त्याही गेल्या.

एकानं मोजलं, एकानं संघटना उभी केली आणि एका घरानं ते लोकांच्या डोळ्यांपुढे आणलं. या कामाचा पुरस्कार तिघांत विभागला, हे निवड समितीचं शहाणपण म्हणायला हवं.

पुरस्कारानंतरही काम पुढे गेलं. 2018 साली थुरिंगिया या जर्मन राज्यानं आपल्या हद्दीतल्या 763 किलोमीटर पट्ट्याला 'राष्ट्रीय निसर्गस्मारक' हा दर्जा दिला. पुढच्या वर्षी सॅक्सनी-आनहाल्टनंही तेच केलं. त्याआधीच ही कल्पना जर्मनीबाहेर गेली होती. फिनलंड आणि रशियाच्या सरहद्दीवरच्या जुन्या जंगलांपासून बाल्कनपर्यंत, 24 देशांतून जाणारा, 12,500 किलोमीटरहून लांब असा युरोपीय हिरवा पट्टा आखला गेला. आता युरोपातल्या सरहद्दींवर पुन्हा नवी कुंपणं येत आहेत. 2022 साली पोलंडनं बेलारूसच्या सीमेवर पोलादी भिंत उभारली. ती बियालोविएझा या युरोपातल्या सर्वात जुन्या जंगलांपैकी एका जंगलातून जाते. फिनलंडनं 2023 साली रशियाकडच्या सीमेवर कुंपण घालायला घेतलं. त्यामागची भीती खोटी नाही, हे मला मान्य आहे. पण रानडुकरं, लिंक्स नावाची रानमांजरं, युरोपीय बायसन यांना त्या भीतीचं कारण सांगता येत नाही.

आणि आपला पांढऱ्या भुवईचा पक्षी? जर्मनीच्या लोकांनी मत देऊन त्याला 2023 सालचा 'वर्षाचा पक्षी' निवडलं. त्याची संख्या अजूनही घटतेच आहे. त्याचं एक कारण असं, की जर्मनीतल्या हिरव्या पट्ट्यात आता सैनिक नाहीत, आणि सैनिक नाहीत म्हणून झाडंझुडपं वाढतात. मोकळं गवत मोकळं ठेवायला कोणीतरी तिथं यावंच लागतं. मेंढ्या चारतात, स्वयंसेवक शरदात झुडपं तोडतात. शेतकऱ्यांशी करार होतात, की गवत जुलैपर्यंत कापायचं नाही. जर्मनीतल्या काही कुरणांत तर लोक वसंताच्या आधी बांबूच्या काठ्या ओळीनं रोवून ठेवतात. आफ्रिकेहून परतलेल्या पक्ष्याला बसायला खांब हवा असतो, आणि जुने खांब आता नाहीत.

नमस्कार.