नान्नजच्या माळावरची रात्र

सोलापूरहून बार्शी रस्त्याने साधारण वीस किलोमीटर गेल्यावर नान्नजचा माळ लागतो. १९७९ साली स्थापन झालेले इथले अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी ओळखले जाते. परंतु गवत आणि काटेरी झुडपांच्या या उष्ण प्रदेशातले लांडगा, खोकड, तरस, रानमांजर हे सस्तन प्राणी मुख्यतः अंधार पडल्यावरच वावरतात. त्यांचा अभ्यास करायचा, तर सुरुवात दिवसा खुणा शोधण्यापासून होते, आणि वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढ्या बसवून रात्र जागणाऱ्या धनगरांना आधी विचारावे, हे उत्तम.

पडद्यावर दिसणारे हे ठसे ओढ्याच्या ओल्या वाळूतले आहेत. पुढच्या पायाचा ठसा मागच्यापेक्षा बराच मोठा आहे, म्हणजे इथून तरस गेले आहे. जवळच पडलेली त्याची विष्ठा वाळून चुन्यासारखी पांढरी झाली आहे, कारण तरस हाडे फोडून खाते आणि त्यांतले कॅल्शियम विष्ठेत उतरते. खोकडाच्या विष्ठेत मात्र बोरांच्या बिया आणि भुंगेऱ्यांची कठीण पंखकवचे सापडतात.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर होणारी प्राणिगणना आपल्या परिचयाची आहे. तिने कित्येकांना जंगलाची ओढ लावली, हे तिचे मोठे देणे. पण एकच खोकड दोनदा पाण्यावर आले तर दोन मोजली जातात, आणि न आलेले जनावर नोंदीतच येत नाही.

म्हणून पायवाटेवर गुडघ्याच्या उंचीवर स्वयंचलित कॅमेरे बांधतात. शरीराची उष्णता आणि सभोवतालची उष्णता यांतला फरक हलताना जाणवला की कॅमेरा छायाचित्र घेतो. मे महिन्यात सोलापूरची दुपार चाळिशी ओलांडते, तेव्हा हा फरक जवळजवळ उरत नाही आणि तापलेले गवत वाऱ्याने हलले तरी फसवी छायाचित्रे निघतात. जमीन निवल्यावर मात्र काम चोख होते. तरसाचे पट्टे प्रत्येकात वेगळे असतात, शिवाय डावी बाजू उजवीसारखी नसते, त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावावे लागतात. लांडग्याच्या अंगावर अशी खूण नसल्याने त्याची मोजदाद अधिक अवघड ठरते.

सकाळी कार्ड तपासताना एकही छायाचित्र न आलेली रात्रसुद्धा तक्त्यात शून्य म्हणून लिहिली जाते. अनेक रात्रींची छायाचित्रे आणि शून्ये शेजारी मांडल्यावरच, प्राणी तिथे असूनही आपल्या नजरेतून किती वेळा निसटतो, याचा अंदाज बांधता येतो.