मुंबईत कामासाठी जाताय? पत्ता नंतर, आधी स्टेशन विचारा

(कॅमेऱ्यासमोर, टेबलावर मुंबई लोकलचा नकाशा पसरलेला)

नमस्कार मंडळी. कोल्हापूर, सांगली, नाशिक, संभाजीनगर, कुठूनही असू द्या, ज्यांना धंद्याच्या कामासाठी महिन्या-दोन महिन्यांनी मुंबई गाठावी लागते, आजचा व्हिडिओ त्यांच्यासाठी आहे. गेटवे, चौपाटी हे विषय आज नाहीत. सकाळी अकराला एका कंपनीत भेट, दुपारी तीनला दुसरीकडे, आणि रात्रीची गाडी पकडून परत. एवढंच आज बघायचंय.

माझं कोल्हापूरजवळ शिरोलीला कास्टिंगचं छोटं युनिट आहे. बॅगेत चार-पाच किलोचे नमुने घेऊन मी बरीच वर्षं मुंबईला जातोय. त्यातून शिकलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. समोरचा माणूस पत्ता पाठवतो. इमारत, रोड, पिनकोड सगळं त्यात असतं. तो पत्ता बाजूला ठेवा आणि त्याला फोन करून एकच विचारा: "साहेब, स्टेशन कुठलं? पूर्व की पश्चिम?"

हे मी अनुभवातून सांगतोय. एका मोठ्या कंपनीच्या पर्चेस विभागानं पहिल्यांदाच भेटायला बोलावलं होतं. पत्त्यात "अंधेरी, मुंबई" एवढंच लिहिलेलं. मी अंधेरीला उतरलो, गर्दी जिकडे निघाली तिकडे निघालो, बाहेर आलो तो पश्चिमेला. ऑफिस होतं पूर्वेला, एमआयडीसीत. आपल्या गावाकडे रेल्वेच्या पलीकडे जायला फाटक असतं, दोन मिनिटांचं काम. मुंबईत रूळ ओलांडायला पूल नाहीतर सबवे, आणि सगळी वाहनं त्याच चिंचोळ्या वाटेनं जातात. रिक्षा पुलावर अडकली. अकराची भेट होती, मी पोहोचलो पावणेबाराला. साहेब दुसऱ्या मीटिंगला निघून गेले होते. नमुने रिसेप्शनवर ठेवून आलो. ती ऑर्डर मिळाली नाही, आणि त्याचं वाईट आजही वाटतं, कारण माल आपला चांगला होता.

म्हणून आधी नकाशा.

(नकाशावर बोट ठेवून)

ही वेस्टर्न. चर्चगेटपासून वर दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, विरार. ही सेंट्रल. सीएसएमटी म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तिथून दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, कल्याण, आणि पुढे कसारा किंवा कर्जत-खोपोली. ही हार्बर, सीएसएमटीवरून कुर्ला, वाशी, पनवेलकडे. तिचीच एक शाखा वडाळ्यावरून अंधेरी-गोरेगावकडे वळते. आणि ठाण्याहून वाशी-पनवेलला जाते ती ट्रान्सहार्बर. महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात ज्यांचं काम असतं, त्यांनी ही शेवटची नीट लक्षात ठेवा. कोल्हापूरहून एक्सप्रेसवेनं बसनं येणाऱ्यांनी तर अशा कामाला मुंबईत शिरूच नये. पनवेल किंवा वाशीला उतरायचं आणि तिथूनच लोकल धरायची.

मुंबई उभी वाढलेली आहे, दक्षिणेकडून उत्तरेकडे. म्हणून वर-खाली जायला लोकल आहेत. आडवं जायचं म्हटलं की हाल. इथं किलोमीटर मोजून चालत नाही. एका लाइनवरचे वीस किलोमीटर अर्ध्या-पाऊण तासात होतात आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे चार किलोमीटर तास खातात. दिवसाच्या भेटी ठरवताना मी हेच बघतो. एका दिवशी एकच लाइन. सकाळी ठाण्याला भेट असेल तर दुपारची घाटकोपर-विक्रोळीकडे घेतो, बोरिवलीची नाही. पार्टीला तसं स्पष्ट सांगितलं तरी चालतं. मुंबईच्या माणसाला लाइनची भाषा लगेच कळते.

आता नावांची गंमत नाही, नावांचे घोटाळे. मुंबई सेंट्रल हे स्टेशन सेंट्रल लाइनवर नाही, वेस्टर्नवर आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसला लोक कुर्ला टर्मिनस म्हणतात, पण ते कुर्ला लोकल स्टेशन नव्हे. सामान घेऊन चालण्यापेक्षा तिथून रिक्षाच करावी लागते. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे स्टेशन हेही वेगळे. एल्फिन्स्टन रोड विचाराल तर २०१८ पासून त्याचं नाव प्रभादेवी आहे, पण जुनी माणसं अजून जुनंच नाव घेतात. आणि दादरला वेस्टर्न आणि सेंट्रल एकाच स्टेशनात, पुलावरून सहज बदलता येतात. तिथले प्लॅटफॉर्म नंबर २०२३ च्या डिसेंबरात बदलले. १ ते ७ वेस्टर्नचे, ८ ते १४ सेंट्रलचे. कोणी जुन्या आठवणीनं "सेंट्रलच्या एक नंबरवर ये" म्हणालं तर पुन्हा विचारून घ्या.

फास्ट आणि स्लो. वेस्टर्नची फास्ट गाडी मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली अशा मोठ्या स्टेशनांवरच थांबते. लोअर परळला ऑफिस असेल आणि फास्टमध्ये बसलात तर ते स्टेशन डोळ्यांसमोरून निघून जाईल. लोअर परळसाठी आणखी एक सांगतो. सेंट्रलवरून येत असाल तर दादरला बदलू नका, करी रोडला उतरा आणि चालत जा. तसंच परळ आणि प्रभादेवी. दोन लाइनींची दोन स्टेशनं अगदी हाकेच्या अंतरावर आहेत.

गर्दीचं. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उत्तरेकडे लोंढा असतो. उलट दिशेला जाणाऱ्याला बसायलासुद्धा मिळतं. शक्य असेल तर पहिली भेट साडेअकरानंतर मागा. आणि फर्स्ट क्लासचं तिकीट काढा, हे मी आग्रहानं सांगतो. २०२२ च्या मे महिन्यात ते भाडं निम्म्यावर आणलं, कमीत कमी २५ रुपये झालं. सेकंड क्लासचं ५ रुपयांपासून सुरू होतं. गर्दीच्या वेळी तिथंही रेटारेटी असते, पण बॅग घेऊन उभं राहायला जागा मिळते आणि शर्टाची घडी राहते. ग्राहकासमोर घामाघूम होऊन उभं राहण्यापेक्षा ते पैसे द्यावेत. एसी लोकलचं तिकीट वेगळं असतं, आणि प्रत्येक गाडी एसी नसते. आधी वेळापत्रक बघा, मग तिकीट काढा. मोबाइलवर 'रेलवन' ॲपमधून तिकीट निघतं, पण ते स्टेशनात शिरण्याआधी काढायचं. अगदी रुळाजवळ उभं राहून काढायला गेलात तर ॲप अडवतं.

आमच्या ऑफिसात अकाउंट्स बघणाऱ्या ताई आता स्वतः जीएसटीच्या आणि बँकेच्या कामाला मुंबईला जातात. त्या सांगतात, लेडीज फर्स्ट क्लासचा डबा कुठं येतो ते प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या कुठल्याही बाईला विचारावं, ती दोन पावलं सोबत येऊन दाखवते.

डब्यात शिरल्यावर काय करायचं? हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाठीवरची बॅग आधीच पुढे, छातीशी घ्यायची. गाडी थांबली की उतरणाऱ्यांना पूर्ण उतरू द्यायचं, मग चढायचं. आत जाऊन जड बॅग वर रॅकवर टाकायची. एकदा दादरहून ठाण्याला निघालो होतो, बॅगेत पाच किलोचं पंप हाउसिंग. हात वर जाईना इतकी दाटी. शेजारचे एक काका म्हणाले, "द्या इकडे." त्यांनी दुसऱ्याकडे दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि खिडकीजवळच्या माणसानं ती रॅकवर ठेवली. वजन हाताला लागल्यावर त्यानं मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, कारखाना घेऊन निघालात काय?" विक्रोळी गेल्यावर काकांनीच खूण केली, आणि ती बॅग त्याच हातांवरून उलट माझ्याकडे आली. ठाण्याचा प्लॅटफॉर्म लागायच्या आत ती माझ्या खांद्यावर होती. एकाही माणसाचं नाव मला माहीत नाही.

उतरायचं स्टेशन यायच्या दोन स्टेशनं आधी उठायचं. पुढच्याला विचारायचं, "ठाणे उतरणार?" तो हो म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहायचं, नाही म्हणाला तर तो स्वतःच जागा करून देतो. गाडी साधारण वीस-तीस सेकंद थांबते. प्लॅटफॉर्म आल्यावर उठलात तर उतरणं होत नाही. आणि संध्याकाळी विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरायचा विचार करू नका. लांब जाणारी माणसं दारातून हलत नाहीत. त्यांचीही चूक नाही, त्यांना तासाभराचा प्रवास असतो. बोरिवलीची गाडी घ्या.

आता ज्यानं माझं बरंचसं वेळापत्रक बदललं ते सांगतो. मेट्रो तीन, ॲक्वा लाइन. आरे ते बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, हा टप्पा २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, २०२५ च्या मेमध्ये ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबरात थेट कफ परेडपर्यंत. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, भाडं १० ते ७० रुपये. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला सीएसएमटीला उतरायचं, स्टेशनच्या सबवेतून मेट्रो गाठायची आणि गाडी न बदलता थेट बीकेसी. पूर्वी वांद्रे पूर्वेला किंवा कुर्ला पश्चिमेला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागायचं, त्यातच अर्धा तास जायचा. तीच मेट्रो पुढं विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स, मरोळ नाका, एमआयडीसी अंधेरी आणि सीप्झला, म्हणजे निर्यात उद्योगांच्या वसाहतीला, जाते. माझी ती अंधेरीची भेट आज असती तर मी थेट एमआयडीसीला वर आलो असतो.

मरोळ नाक्याला ती जुन्या मेट्रो एकला मिळते. मेट्रो एक म्हणजे वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, २०१४ पासूनची. आडवं जायचं असेल तर हीच खरी सोय. ठाण्याहून साकीनाक्याला जायचं? दादरला वळसा घालू नका, घाटकोपरला मेट्रो धरा. फक्त मेट्रोच्या स्टेशनांची नावं नीट वाचा. जगन्नाथ शंकरशेठ मेट्रो स्टेशन म्हणजे मुंबई सेंट्रलचा भाग. भुयारात फोन लागेलच असं धरून चालू नका, पत्ता आणि फोन नंबर कागदावर ठेवा. आणि लोखंडी नमुने घेऊन जाणाऱ्यांनो, मेट्रोत बॅग मशीनमधून जाते. मी लेटरहेडवर वस्तूचं नाव, वजन आणि कुठल्या पार्टीकडे नेतोय ते लिहून ठेवतो. सुरक्षारक्षकानं विचारलं की कागद पुढे करतो, दोन मिनिटांत सुटका होते.

रिक्षा-टॅक्सीचं थोडक्यात. रिक्षा वांद्र्यापर्यंत आणि शीवपर्यंतच (सायन) चालते, त्याच्या दक्षिणेला फक्त टॅक्सी. २०२५ च्या फेब्रुवारीपासून रिक्षाचं मीटर २६ रुपयांनी सुरू होतं, टॅक्सीचं ३१ रुपयांनी. मीटरनंच बसा. बेस्टची बस स्टेशनपासून ऑफिसपर्यंत शेवटच्या टप्प्याला उत्तम, साधी १० रुपये, एसी १२ रुपयांपासून.

स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांना माझा सल्ला, गाडी पनवेल किंवा ठाण्याला ठेवा. मुंबईच्या पाचही नाक्यांवरचा टोल छोट्या गाड्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून माफ आहे हे खरं, पण टोल वाचला म्हणून वेळ वाचत नाही. फक्त दक्षिण मुंबईतलं काम असेल तर अटल सेतू आहे, २१.८ किलोमीटर, चिर्ल्यापासून शिवडीला. २५० रुपये लागतात, पण पनवेलकडून येणाऱ्याचा वाशी-चेंबूरचा सगळा गुंता चुकतो.

रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, गाड्या कमी आणि उशिरा. रविवारी भेट ठेवलीच तर आदल्या दिवशी बातमी बघा. आणि जून ते सप्टेंबर समुद्राची भरती किती वाजता आहे तेही बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी मोठा पाऊस असं जुळलं की हिंदमाता, शीव, कुर्ला, अंधेरी सबवे या भागांत पाणी साचतं. अशा दिवशी मी दुपारची भेट फोनवर उरकतो आणि लवकर सीएसएमटी गाठतो. रात्रीची गाडी दादरला पकडायचीही सोय आहे, पण संध्याकाळी सात-आठला दादरच्या पुलावर सामान घेऊन चढणं फार त्रासाचं. त्याच वेळी सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकल रिकाम्या असतात. आरामात बसून शेवटच्या स्टेशनला जायचं, गाडी तिथूनच सुटते.

तुमची पुढची भेट कुठं आहे ते खाली लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त भाग आणि तुम्ही कुठल्या गाडीनं किंवा बसनं येताय ते. स्टेशन कुठलं आणि बाजू कुठली, ते मी प्रत्येकाला लिहून कळवतो.