फाल्गुनातला धुरा

श्रोतेहो, नमस्कार.

रानफुलं पाहायला जायचं म्हटलं, की महाराष्ट्रातल्या निम्म्या गाड्या साताऱ्याकडे वळतात. कासच्या पठाराचं कौतुक मलाही आहे. पाऊस ओसरताना तिथल्या कातळावर जे उगवतं ते पाहण्यासारखंच असतं. २०१२ साली पश्चिम घाटासोबत ते पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं, ते काही उगाच नाही. पण नागपूरच्या माणसानं भाद्रपदात आठशे किलोमीटर जाऊन फुलं पाहावीत, आणि दाराशी आलेला फाल्गुन मात्र माळ्यावरचा कूलर उतरवून त्याची खस बदलण्यात घालवावा, हा हिशेब मला पटत नाही.

कासला फुलं पाहायला वाकावं लागतं. आपल्याकडे मान वर करावी लागते. या दिवसांत विदर्भाची जमीन कोरडी पडलेली असते, गवत वाळून पिवळं झालेलं, नाल्यांत नुसती डबकी. फुलतात ती झाडं, ज्यांची मुळं खोलवरच्या ओलीपर्यंत पोचली आहेत ती. तीही अंगावरची पानं टाकून. पानांतून पाणी उडून जातं, म्हणून आपलं पानगळीचं रान उन्हाळ्याच्या तोंडावर पानांचा खर्चच बंद करतं. पान नाही म्हटल्यावर फूल दुरून दिसतं आणि पाखराला त्याच्यापर्यंत पोचायला आडकाठी राहत नाही. काटेसावरीपासून पळसापर्यंत बऱ्याच झाडांचं हेच गणित आहे. सावर आधी फुलते. तुमच्यापैकी अनेकांनी तिची तळहाताएवढी लाल फुलं माघातच पाहिली असतील. आता पाळी पळसाची.

पुढचं ऐकून काही मंडळी नाराज होतील, पण सांगतो. पळस पाहायला पेंच व्याघ्र प्रकल्पाचं सिल्लारी गेट गाठायची आणि जिप्सी बुक करायची काहीएक गरज नाही. वाघासाठी जा, हरकत नाही. आतल्या दाट सागवनात पळस असतो, पण दाटीत हरवलेला. त्याचा खरा पसारा बाहेर आहे. गायरानात, वावराच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर, पांदणीच्या कडेनं, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या पाळीवर. कारण साधं आहे. पळसाचं पान जनावरं फारसं खात नाहीत. झाड तोडलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. चिकण जमिनीत पावसाचं पाणी साचून राहिलं तरी ते तग धरतं. म्हणजे जिथं माणसानं बाकीची झाडं सरपणाला नेली आणि गुरांनी रोपं खुडली, तिथं पळस मागे उरला. तेव्हा रस्त्यालगत पळसांची लांबच लांब रांग दिसली, की इथं रान शाबूत आहे असं समजू नका. बऱ्याचदा उलटच असतं. रान गेलं आणि हा राहिला. मला तो आवडतो तो यासाठीच.

लोक गाडीतूनच 'काय रान पेटलंय' म्हणतात आणि पुढे निघून जातात. तसं करू नका. एखादी फांदी डोळ्यांच्या उंचीला आलेली असेल असं झाड शोधा आणि अर्धा तास त्याच्याखाली काढा. कळ्यांवरचं आवरण काळपट तपकिरी असतं, बोट फिरवलं तर मऊ लव लागते. त्या काळपणामुळेच वरचा नारिंगी रंग इतका उठतो. पाकळ्या पाच. एक मोठी, मागे उलटलेली. दोन बाजूंना. आणि उरलेल्या दोन जुळून झालेली वाकडी चोच, जिच्यात पुंकेसर लपलेले असतात. फूल नाकाशी नेलंत तर वास असा काही नाहीच. येणारी पाखरं वासाच्या नव्हे, रंगाच्या खुणेवर येतात, आणि फुलाच्या तळाशी त्यांच्यासाठी गोड रस असतो. शिंजीर येतो. त्याचा नर एरवी मळकट दिसतो, विणीच्या या दिवसांत मात्र निळाजांभळा चकाकतो. मैना येतात, बुलबुल येतात, कोतवाल येतो, सातभाईंची टोळी भांडत येते. पोपट आणि खारी रसापुरतं थांबत नाहीत, फूलच कुरतडून खाली टाकतात. झाडाखालच्या सड्यात वाऱ्याइतकाच त्यांचाही हात असतो.

एका आडरस्त्यावर असाच उभा होतो तर बैलबंडी घेऊन एक काका आले. म्हणाले, "काहून थांबले जी? पंचर झाली का?"

म्हटलं, "नाही काका, पळस पाहून राहिलो."

"पळस? त्याच्यात काय पाहाचं हाय?" बंडी थोडी पुढे गेली आणि थांबली. "पाहाचाच असन तं तिकडं नाल्यावर जा. तिथं पिवळा हाय. पन कोनाले सांगू नका."

पिवळा पळस खरोखरच होता. हळदीच्या रंगाचा, शेजारच्या नारिंगी झाडांत एकटा. ही पळसाचीच वेगळी जात, क्वचित सापडणारी. पांढरा तर त्याहूनही दुर्मीळ. काकांनी 'सांगू नका' म्हटलं ते उगाच नाही. अशा झाडानं गुप्तधन सापडतं या समजुतीपायी लोक त्याची साल सोलतात, मुळं खणतात, आणि झाड वाळून जातं. तेव्हा तो नाला कोणता, हे मी इथं सांगणार नाही. तुम्हाला एखादा दिसलाच, तर फोटो जरूर काढा, पण जागेचं नाव घालून तो मोबाइलवर गावभर पाठवू नका.

बरं, पळसाच्या नादात एक फसगतही होते. मार्चमध्ये रानात लालभडक झाड दिसतं, आपण लगबगीनं जवळ जातो, तर फुलं नाहीतच, कोवळी पानं. तो कुसुम. त्याची पालवी लाल फुटते आणि मग हळूहळू हिरवी होते. पळसाप्रमाणेच कुसुमावरही लाखेचा किडा पोसतात. उतारावर कंबरेएवढी झुडपं आणि त्यांवर नळीसारखी बारीक लाल फुलं दिसली, तर ती धायटी. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला हीच फुलं घालतात. आणि काटोलकडे निघालात तर फेब्रुवारीत गाडीच्या काचा खाली करा. संत्र्याच्या आंबिया बहाराचा वास येतो. ते रानफूल नव्हे, मला ठाऊक आहे, पण काच बंद ठेवून त्या रस्त्यानं जाणं मला जमत नाही.

पळस ओसरू लागला की मोह. याची तऱ्हा अगदी निराळी. मोह रंगानं बोलावत नाही. फूल फिकट, मलईच्या रंगाचं, रसाळ. ते रात्री उमलतं, वटवाघळं त्यावर येतात, आणि पहाटेपासून ते टपटप गळायला लागतं. त्याचा उग्रगोड वास आधी येतो, झाड नंतर दिसतं. चितळ आणि अस्वल त्या सड्यावर यायला टपलेली असतात, आणि माणसंही. पूर्व विदर्भातल्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये अंधार फिटायच्या आत बाया, पोरं टोपल्या घेऊन निघतात. कोणतं झाड कोणत्या घराचं हे पुष्कळ गावांत ठरलेलं असतं. वाळवलेल्या मोहात साखर भरपूर, म्हणून तो खाण्याला, दारूला, गुरांना, बाजाराला, सगळीकडे लागतो. पुढे बियांचं, म्हणजे टोळीचं, तेल निघतं. झाडाखाली फुलं पडलेली दिसली तरी ती कोणाची तरी आहेत. हातात घ्या, वास घ्या, जागच्या जागी ठेवा.

याच मोहाला वणव्याची एक बाजू आहे. पाचोळ्यात पडलेली फुलं दिसत नाहीत, म्हणून वेचणारे झाडाखालचा पाला पेटवतात. ती आग कधीकधी हाताबाहेर जाते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभाग वणव्याचा हंगाम धरतो, तो यामुळेही. काही ठिकाणी आता झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलतात. जुनं लुगडं अंथरलं तरी काम भागतं. आपल्यासारख्या पाहुण्यांनी तर विडीचं थोटूकसुद्धा तिथं टाकू नये. आणि मोहाच्या दिवसांत पहाटे पायी रानात शिरू नका. चंद्रपूर, गडचिरोलीकडे मोह वेचायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात, ती बातमी दर उन्हाळ्यात येते. रस्त्याच्या कडेचं झाड पुरे.

आता जायचं कसं. जबलपूरचा चौपदरी रस्ता पेंचच्या रानातून जातो, दिसतंही छान, पण तिथं मध्येच गाडी उभी करणं धोक्याचं. त्यापेक्षा आतले रस्ते धरा. रामटेकहून खिंडसी तलावाकडे, उमरेडहून भिवापूरकडे, किंवा कोंढाळीच्या आसपासची खेडी. कालिदासामुळे रामटेक आषाढाच्या नावावर लिहून गेलंय, त्यामुळे फाल्गुनात तिथं गर्दी कमी असते. हा फायदाच समजा. स्वतःची गाडी नसेल तर नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकातून पहिल्या एसटीनं निघा. रामटेककडे जाताना डावीकडची खिडकी पकडा, सकाळचं ऊन त्या बाजूच्या झाडांवर समोरून पडतं. दहा-साडेदहानंतर ऊन पांढरं होतं, पाखरं सावलीला जातात, तेव्हा परतीला लागा.

येताना झाडाखाली पडलेली फुलं ओंजळभर आणलीत तर होळीचा रंग होतो. फांदी मोडायची नाही. फुलं पाण्यात उकळा, रात्रभर तशीच राहू द्या, सकाळी गाळून घ्या. केशरी पिवळं पाणी मिळतं. ताजी फुलं भरपूर आणि पाणी कमी, म्हणजे रंग गडद. धुळवडीला पांढरे कपडे घालणार असाल तर मात्र जुनेच घाला.

नमस्कार.