मुख्यालय लोमेत, नियामक कुठे?

नमस्कार. पडद्यावरच्या नकाशात टोगो शोधायला जरा वेळ लागेल, पण त्याच्या लोमे या राजधानीत मुख्यालय असलेला इकोबँक समूह आज आफ्रिकेतील तीसहून अधिक देशांत व्यवहार करतो. पश्चिम आफ्रिकेतील बँकव्यवसाय बहुतांशी परदेशी आणि सरकारी बँकांच्या हाती असताना, १९८५ मध्ये, तेथील व्यापारी मंडळांच्या पुढाकाराने तो उभा राहिला.

नायजेरियाच्या बँका सीमेपलीकडे गेल्या त्या वेगळ्या कारणाने. तेथील मध्यवर्ती बँकेने २००४ मध्ये किमान भांडवल २ अब्ज नायरांवरून २५ अब्जांवर नेण्याचे जाहीर केले. मुदत संपली तेव्हा ८९ बँकांच्या जागी २५ उरल्या, आणि भांडवलाने फुगलेल्या या बँकांपैकी अनेकांनी शेजारी देशांत उपकंपन्या थाटल्या.

खरी गुंतागुंत देखरेखीची आहे. इकोबँकेच्या शिखरावरची कंपनी स्वतः बँक नाही. देशोदेशींच्या बँकांचे समभाग तिच्याकडे आहेत. घानातील बँक घानाच्या मध्यवर्ती बँकेला हिशेब देते, नायजेरियातील नायजेरियाच्या. पण एका देशातील बुडीत कर्जांची झळ संपूर्ण समूहाच्या भांडवलाला किती लागली हे कळण्यासाठी सगळे ताळेबंद एकत्र मांडावे लागतात, आणि ही जबाबदारी दीर्घकाळ नीट कोणाकडेच नव्हती. पुढे ती पश्चिम आफ्रिकी चलनसंघाच्या, म्हणजे टोगोसह एकच चलन वापरणाऱ्या आठ देशांच्या संघाच्या, बँकिंग आयोगाकडे आली. गंमत अशी की टोगोला स्वतःची मध्यवर्ती बँकच नाही: आठ देशांची सामायिक मध्यवर्ती बँक डाकारला, बँकिंग आयोग अबिदजानला, आणि समूहाची नायजेरियातील मोठी उपकंपनी तर या चलनसंघाच्याच बाहेर.

देखरेखीतली अशी मोकळी जागा किती महाग पडते, हे १९९१ मध्ये बंद पडलेल्या बीसीसीआय (बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल) या बँकेने दाखवले होते. तिची धारक कंपनी लक्झेंबर्गमध्ये, कारभार लंडनमधून, आणि मुंबईतही तिची शाखा होती. ही शाखा पुढे स्टेट बँकेने ताब्यात घेतली. त्यानंतर १९९२ मध्ये बाझल समितीने, म्हणजे बँक-पर्यवेक्षकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, दंडक घातला, की प्रत्येक आंतरराष्ट्रीय बँकसमूहावर त्याच्या मायदेशीच्या सक्षम नियामकाने एकत्रित देखरेख ठेवावी.

आता इकोबँकेसारख्या समूहांसाठी निरनिराळ्या देशांचे पर्यवेक्षक एकत्र बसतात आणि माहितीची देवाणघेवाण करतात. माझ्या मते हा बदल मोलाचा असला तरी अपुरा आहे, कारण समूह अडचणीत आलाच तर तोटा कोणत्या देशाने किती सोसायचा, हे अशा बैठकांत ठरत नाही, आणि त्या क्षणी प्रत्येक नियामक आधी आपल्याच ठेवीदारांकडे पाहतो.